बकरमचा पट्टा

पडद्यांच्या त्या कारखान्यात थोरलीचा शब्द कात्रीसारखा होता. एकदा चालला की कापड परत जोडून मिळत नसे.

कारखाना आपला म्हणायला. खरं म्हणजे दोघा भावांच्या घराखालची एक लांबट खोली, शिलाईची चार मशिनं, कापणीचं भलंमोठं टेबल आणि भिंतीला टेकून उभी असलेली कापडाची ठाणं. भाऊ बाहेर जाऊन खिडक्यांची मापं घेत, तयार पडदे टांगून येत. मोठ्याची बायको कापायची, लहान्याची शिवायची. घरात त्या थोरली आणि धाकटी होत्या, म्हणून कामाला येणाऱ्या बायकांसाठीही थोरली आणि धाकटीच झाल्या.

थोरलीची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. पहिली, टेप न लावता माप सांगणं. खिडकीचा नुसता फोटो बघून ती म्हणे, "एवढं कापड पुरे, उलट उरेल," आणि उरेच. दुसरी, तिचं ऑपरेशन. काही वर्षांपूर्वी तिची पिशवी काढली होती. गर्भाशय हा शब्द डॉक्टरांचा. बायकांच्या बोलण्यात ती पिशवीच. खालच्या वाटेने काढली, पोटावर ओरखडासुद्धा नाही, अंडाशयं जागच्या जागी. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. ती तिने नवऱ्याला करायला लावली आणि स्वतः खाली येऊन कात्री धरली. ही गोष्ट ती इतक्यांदा सांगत आली होती, की दर खेपेला अंथरुणातले दिवस थोडे थोडे आटत गेले होते. आणखी काही वर्षांनी ती ऑपरेशनच्या टेबलावरून उतरून थेट कापणीच्या टेबलाशी उभी राहिली असती.

शिवाय ती नकला करायची. गिऱ्हाइकांच्या, नवऱ्याच्या, समोरच्या औषधवाल्याच्या. बायकांची हसून मुरकुंडी वळायची आणि ही मात्र दगडासारखा चेहरा करून उभी. "स्वतः हसत नाही, हीच तर खरी कला," असं बायका म्हणत. त्या कलेचं कारण थोरलीला एकटीलाच ठाऊक होतं आणि ते चारचौघींत सांगण्यासारखं नव्हतं.

तर धाकटीचीही पिशवी काढायची वेळ आली. बरेच दिवस ती मशिनच्या स्टुलावर गडद रंगाचं कापड घडी करून बसायची. कारण सगळ्यांना समजत होतं, बोलत कोणी नव्हतं. आत गाठी होत्या, मोठ्या. डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं, आणि अंडाशयांवरही काहीतरी नको ते दिसलं म्हणून तीही काढली. धाकटी घरी आली ती वरच्या खोलीत पडून राहिली.

नेमकी तेव्हाच एका इस्पितळाच्या वॉर्डाची ऑर्डर आलेली. खाटेखाटेभोवती लावायचे हिरवे पडदे, लांबच लांब सरळ शिलाई, आणि तशी शिलाई धाकटीसारखी कुणाचीच येत नसे. थोरली रोज चहाचा कप घेऊन वर जायची. चहाबरोबर बोलणंही असायचंच.

"उठतेस, की तुझ्याही खाटेला पडदा लावून टाकू?"

"उठले होते ताई. बाथरूमपर्यंत जाऊन आले."

"वा. कळवायचं तरी. बँड बोलावला असता."

धाकटी हसली नाही. पंखा जोरात फिरत होता, बाहेर थंडी होती, आणि तरी तिचं कपाळ घामाने चमकत होतं. "खोकला आला ना, तर पोट दुभंगतंय असं वाटतं. उशी दाबून धरते तेव्हा कुठे खोकता येतं. आणि हे घाम बघा. मध्येच आतून भट्टी पेटल्यासारखं होतं, मग गारठा. रडूही येतं, कशाचं ते कळत नाही."

"पडून राहिलं की असंच होतं. माझी काढली तेव्हा मी काय केलं?"

"खाली येऊन कात्री धरलीत," धाकटी म्हणाली. तिला ते पाठ होतं. "पण तुमची खालून काढली होती ना ताई."

"वरून काय नि खालून काय. काढली ती पिशवीच ना?"

धाकटीने गाऊन मुठीत घट्ट धरला. पोट दाखवावं असं तिच्या मनात येऊन गेलं असेल, पण दाखवलं नाही. स्वतःच्या नवऱ्यालाही दाखवलं नव्हतं; तो बिचारा बाहेरच्या खोलीत गादी टाकून झोपत होता. आणि बघू गं, असं थोरलीने म्हटलं नाही. एकीला दाखवायची लाज, दुसरीला विचारण्यात कमीपणा. दोघींमध्ये चहाचा कप निवत राहिला.

खाली आल्यावर बायकांनी विचारलंच. "कशी आहे धाकटी?"

"राजेशाही आहे. पंखा काय, उशी काय."

पडद्यांना कड्या बसवणारी एक बाई होती, तिला सगळे रिंगवाली म्हणत. ती म्हणाली, "असं नका बोलू. माझी दुर्बिणीतून काढली तरी मला महिनाभर वाकवत नव्हतं. तीन भोकं पाडली होती पोटाला."

"तीनच?" थोरली गंभीरपणे म्हणाली. "आणखी पाडून घ्यायचीस. रिंगा बसवून टांगलीच असती तुला खिडकीत."

खोलीभर हशा पिकला. रिंगवालीही हसली, कारण ती भली होती. आणि हशा पिकला की थोरलीला आवरत नसे. तिने एक हात पोटावर ठेवला, दुसरा भिंतीवर. कमरेतून वाकली, ओठ दुमडले आणि पावलं फरफटत निघाली. मध्येच थांबून डोळे मिटले, चेहऱ्याला हाताने वारा घातला, आणि बारीक आवाजात म्हणाली, "आई गं, बाथरूम आलं का?"

हुबेहूब होतं. बायका मशिनवर डोकी टेकून हसत होत्या. थोरली तशीच वाकून जिन्याच्या दिशेने गेली. जिन्यापाशी एक तयार पडदा झोळ बघण्यासाठी टांगून ठेवला होता, जमिनीपासून वीतभर वर. त्या वीतभर फटीत दोन पावलं होती. घोटे सुजलेले, पायात निळ्या सपाता. धाकटीच्या.

खाली यायचं तिनं स्वतःच ठरवलं असणार. चहाबरोबरचं बोलणं जिव्हारी लागलं असेल, नाहीतर शिलाईची काळजी असेल. जिना उतरायला तिला किती वेळ लागला असेल, हे थोरलीला त्याच क्षणी कळलं, कारण ती चाल अजून तिच्या स्वतःच्या अंगात होती.

आता तिथेच थांबली असती तर बायकांना कळलं असतं. म्हणून ती थांबली नाही. वळली, आणि तशीच फरफटत टेबलापर्यंत परत आली, आधीपेक्षा थोडी जास्तच वाकून. बायका पुन्हा हसल्या. मग तिने मागे बघितलं तेव्हा पडद्याखाली फक्त फरशी होती.

त्या दिवशी थोरलीने एक पडदा तिरका कापला. असं तिच्या हातून कधी होत नसे.

माफी मागणं तिला येत नव्हतं. लहानपणापासून कुणाची मागितली नव्हती; शिवणं मात्र येत होतं. तिचा हिशेब साधा: बोलून झालेलं नुकसान काहीतरी करून भरून द्यायचं, म्हणजे खातं मिटलं. धाकटी वाकून चालते ना, मग ती ताठ चालेल असं काहीतरी हवं. दुकानात पोटाला बांधायचे पट्टे मिळतात हे तिला ठाऊक होतं, पण दुकानातला पट्टा म्हणजे रबरासारखा लुळा. त्यात काय ताठपणा येणार? पडदा वरून ताठ राहावा म्हणून त्याच्या माथ्याशी आत एक कडक पट्टी घालतात, तिला बकरम म्हणतात. थोरलीने तो घेतला, दुहेरी. वर चांगलं सुती कापड, मागे नाडीने आवळायची सोय, कडांना दुहेरी शिलाई. माप अर्थातच डोळ्यांनी. लग्न होऊन आल्यापासून धाकटीला ती बघत होती. त्या कमरेला टेप कशाला लावायची?

पट्टा सुरेख झाला. इतका ताठ की टेबलावर ठेवला तर उभा राहत होता.

"हा बांध," वर जाऊन ती म्हणाली. "घट्ट. सरळ उभी राहशील."

धाकटीने पट्टा हातात घेतला, उलटसुलट केला, कडेवरून बोट फिरवलं. नकलेबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. "चांगला शिवलाय," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती खाली आली. भिंतीला हात न लावता, मान वर करून, कवायतीला आल्यासारखी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ती मशिनवर बसली आणि हिरव्या पडद्याची शिलाई सुरू झाली. थोरलीने कापडाच्या ठाणावरून सगळ्यांकडे एक नजर टाकली.

"बघा. पट्टा बांधला नि उठून बसली. मनाचे खेळ असतात सगळे."

धाकटी मशिनवरून मान वर करत नव्हती. बसताना दात ओठांवर दाबायची, उठताना टेबलाचा आधार घ्यायची, आणि मधूनमधून घामाने भिजून शिलाई थांबवायची. हे थोरलीला दिसत होतं. पण शिलाई सरळ येत होती आणि वॉर्डाची ऑर्डर पुढे सरकत होती, तेव्हा जे दिसतंय ते तिने बघितलं नाही.

आठवडाभराने धाकटीला ताप भरला. त्या सकाळी तिचा नवरा जिन्यातून ओरडत आला, "वहिनी, जरा वर या. हिच्या अंगाला वास येतोय."

दवाखान्यात थोरलीच तिच्याबरोबर आत गेली. दिराला बाहेर बसवलं, कारण धाकटी त्याच्यासमोर गाऊन सोडेना. डॉक्टरीणबाईंनी पट्ट्याची नाडी सोडली, तो उचलला, आणि थोरलीने ते पोट पहिल्यांदा बघितलं.

कमरेच्या या हाडापासून त्या हाडापर्यंत एक जाड लाल रेघ होती. मधोमध ती उसवली होती. हो, उसवलीच, शिवणाऱ्या बाईला दुसरा शब्द सुचला नाही. आत पिवळट ओलं काही होतं. आणि त्या रेघेवर बकरमच्या कडेचा वळ उमटला होता, दुहेरी शिलाईच्या टाक्याटाक्यासकट. माप अगदी बरोबर आलं होतं. केसभरही इकडेतिकडे नाही. कड नेमकी जखमेवर बसली होती.

"हे काय बांधलंय?" डॉक्टरीणबाईंनी पट्टा दोन बोटांत धरला. "हे कापड आहे की पुठ्ठा? कोणी दिलं?"

थोरलीला उत्तर ठाऊक होतं. म्हणायचं होतं, मी. एक अक्षर. ते घशापर्यंत आलं, आणि तेवढ्यात धाकटी आढ्याकडे बघत म्हणाली, "मीच शिवला. शिवणकामच करतो ना आम्ही. बकरम हाताशी होता."

"आणि बांधून काय केलंत?"

"मशिनवर बसले."

डॉक्टरीणबाई चिडल्या. चिडल्या तरी हात हलकाच चालत होता. जखम धुता धुता बोलत होत्या. "पोट थरांथरांनी कापून परत शिवलंय तुमचं. वरची कातडी जुळली म्हणजे आतलं जुळलं असं नसतं. कोणाची खालून काढतात, ती लवकर चालते-फिरते. कोणाची दुर्बिणीतून. तुमचं तसं नाही. त्यात अंडाशयं गेली. बाकीच्या बायकांना पाळी जाताना जे वर्षानुवर्षं हळूहळू होतं, ते तुमच्या अंगावर एकदम आलंय. घाम येतात?"

"येतात."

"झोप?"

"नाही."

"रडू?"

उत्तराआधीच धाकटीला रडू यायला लागलं होतं.

"हे नाटक नसतं, बाई. हे शरीर आहे. त्यावर गोळ्या आहेत, तुमच्या रिपोर्टवर ठरवू. पण तुम्ही मला सांगायला नको? कोणी सांगितलं उठून कामाला बसा म्हणून?"

"कोणी नाही."

मग डॉक्टरीणबाई थोरलीकडे वळल्या. "तुम्ही घरातल्या मोठ्या ना? लक्ष ठेवा हिच्यावर. हिला स्वतःची अक्कल नाही."

"हो," थोरली म्हणाली.

हो म्हणाली. तेवढंच म्हणाली. खोलीत हात धुवायचं बेसिन होतं, वजनाचा काटा होता, खाटेभोवती एक हिरवा पडदा होता, आणि त्यातल्या एकाही वस्तूकडे तिला बघवेना.

परतताना दीर पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, दोघी मागे. धाकटीने दोन्ही हात पोटाशी धरले होते. थोरली खिडकीबाहेर बघत हळू आवाजात म्हणाली, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं तर तुम्ही दार लावून बसला असता. मग मला जेवायला कोणी वाढलं असतं?"

थोरलीने खिडकीची काच खाली केली.

"आणि ताई," धाकटी आणखी हळू म्हणाली, "पडद्याखाली माझे पाय दिसले होते ना तुम्हाला?"

"दिसले."

"मला वाटलं, दिसले नसतील. म्हणून चाललात पुढे." तिने पोटावरचे हात सावरले. "तसंच वाटू दिलं असतंत तर बरं झालं असतं."

उरलेल्या रस्त्यावर गाडीत फक्त ड्रायव्हर बोलत होता.

थोरलीला त्या रात्री जेवण गेलं नाही आणि सकाळी खाली यायला उशीर झाला. आली तेव्हा बायकांमध्ये बातमी आधीच फिरली होती. दिराने दाराशी कुणाला तरी सांगितली होती, जशी ऐकली तशी.

"काय गं बाई तरी," एक जण म्हणत होती, "स्वतःच्या पोटाला बकरम लावून घेतला. पडद्याला लावतात तसा."

"सुताची रिळं सांभाळते, स्वतःला सांभाळता येईना."

"आता घडी पडणार नाही तिला," तिसरी म्हणाली, आणि खोली हसली. विनोद थोरलीच्याच वळणाचा होता; तिच्याकडूनच शिकल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "ताई, आता पट्टा बांधलेली धाकटी करून दाखवा ना."

सगळ्या तिच्याकडे वळल्या. जागा मोकळी केली गेली. थोरली कापणीच्या टेबलापाशी उभी होती, हातात कात्री. काही न बोलता नुसतं कापायला घेतलं असतं तरी चाललं असतं. धाकटीनेच तर गोष्ट तशी रचून दिली होती. खोटं तिचं, मूर्खपणाही तिच्याच नावावर जमा. वरच्या मजल्यावर पडलेली बाई खाली येऊन खोडून काढणार नव्हती.

"तो पट्टा मी शिवला," थोरली म्हणाली.

बायकांना वाटलं, नक्कल सुरू झाली. दोघी-तिघी हसायला तयारही झाल्या.

"दुहेरी बकरम घातला. पोट न बघता. ती वाकून चालते त्याची तुमच्यासमोर नक्कल केली ना, तेव्हा धाकटी तिथे उभी होती." तिने कात्रीने जिन्याकडे दाखवलं. "पडद्यामागे. मला पाय दिसले. तरी मी केली. मग लाज वाटली म्हणून पट्टा शिवला, आणि माझ्या लाजेने तिचं पोट उसवलं. डॉक्टरांसमोर तिने माझं नाव घेतलं नाही. मी गप्प बसले."

कुणाला कुठे बघावं कळेना. कुणी मशिनच्या सुईकडे बघितलं, कुणी दोरा ओवायला घेतला जो आधीच ओवलेला होता. रिंगवाली तेवढी म्हणाली, "बसा ताई. पाणी देऊ?"

"नको. आणि तुझ्या भोकांची चेष्टा केली, तीही करायला नको होती."

"ती चांगली होती," रिंगवाली म्हणाली. पण हसली नाही. कुणीच हसलं नाही, आणि इतकी वर्षं थोरली हशात दगडासारखा चेहरा करून उभी राहत आली होती, पण या शांततेत तिला आता चेहरा कुठे ठेवावा कळेना.

ती वर गेली. दवाखान्यातल्या नर्सने शिकवल्याप्रमाणे हात धुतले, कापूस, पट्टी, औषध मांडलं. धाकटीला खालचं सगळं ऐकू आलं होतं. वरच्या मजल्याची जमीन पातळ होती.

"कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. "आता त्या मला बिचारी म्हणतील."

"म्हणू देत. मला काय म्हणतील ते ऐकायला मी आहेच." थोरली खाटेच्या कडेला बसली. हात पुढे केला आणि थांबवला. "बघू?"

हे तिने आधी कधी विचारलं नव्हतं. धाकटीने बराच वेळ तिच्याकडे बघितलं, आणि मग स्वतःच गाऊन वर केला.

थोरली काम करू लागली. हलका हात, कडेकडेने, उसवलेल्या जागी जरा थांबून. खाली मान घालूनच ती म्हणाली, "तुला एक सांगते. मी नकला करताना हसत नाही ना, ती कला नाही."

"मग?"

"हसले की गळतं. ऑपरेशन झाल्यापासून. शिंकले की, ठाण उचललं की, हसले की. पायावर पाय दाबून उभी असते मी तिथे. तुम्ही म्हणता, काय चेहरा धरलाय. चेहरा नव्हे गं, भलतंच धरलेलं असतं."

धाकटीच्या तोंडून आधी नुसता श्वास सुटला, मग तिने दोन्ही हातांनी उशी पोटाच्या वरच्या बाजूला दाबली. "ताई, नका. दुखतंय. हसवू नका."

"खालून काढली म्हणून मिरवत होते. पिशवी खालून काढली नि नळ उघडा ठेवून गेले."

"नका ना ताई," धाकटी कण्हत, डोळ्यांतून पाणी काढत हसत होती. तो हसरा, वेदनेने वेडावाकडा झालेला चेहरा बघून थोरलीचा दगड फुटला. ती हसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आवाज करून, खांदे हलवून. आणि व्हायचं ते झालं.

धाकटीला ते कळलं. ती हसायची थांबली आणि दाराकडे बघत म्हणाली, "जा ना तुम्ही. बदलून या. कोणी नाही जिन्यात."

थोरलीचा चेहरा कानापर्यंत तापला होता. पण एका हाताखाली जखमेवरचा कापूस होता आणि दुसऱ्या हातात अर्धी चिकटवलेली पट्टी. उठली असती तर दोन्ही सुटलं असतं.

"हे आधी होऊ दे," ती म्हणाली, आणि तशीच ओली बसून पट्टीची दुसरी कड जखमेपासून दूर, सावकाश चिकटवू लागली.